दोर तुटलेला पोहरा

भाचीच्या डोहाळेजेवणाला तिच्या बोटातली अंगठी निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी दोरा गुंडाळून काढली. पाय चपलेत मावत नव्हते. "सातव्या-आठव्यात सुजतातच गं पाय," आत्या म्हणाल्या. पुष्कळदा ते खरंही असतं. पण दहा दिवसांनी तपासणीत बीपी 160/110 निघालं, लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दोन प्लस, आणि भाची थेट ॲडमिट. आत्यांनी फोनवरच निदान करून टाकलं: "रात्र रात्र लॅपटॉप घेऊन बसायची. टेन्शन घेतलं, चढलं बीपी." सासूबाईंनी वर विचारलं, ग्रहणात विळीवर काही चिरलं होतं का.

हा लेख त्या फोनचं उत्तर आहे. मी काही वर्षं आरएनएच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून काढली आहेत, आणि या आजारात आईला दोष देणं मला सहन होत नाही. कारण बिघाडाचं केंद्र ज्या अवयवात आहे, तो आईचा नसतोच.

आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 च्या वर जातं आणि त्यासोबत लघवीतून प्रथिन जाऊ लागतं, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसतो. शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना हा होतो. पुढची पायरी म्हणजे झटके, एक्लॅम्प्सिया. एक्लिप्स आणि एक्लॅम्प्सिया ही नावं कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण गोत्र वेगळं: दुसरं ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ वीज लखकन चमकावी तसं काही. ग्रहणाचा संबंध शून्य. आणि झटके आलेल्या बाईला कांदा हुंगवण्यात नि अंगारा लावण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन होतं. 2002 साली छापून आलेल्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. या साध्या, स्वस्त क्षाराने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला.

आता तो अवयव. बाळंतपणात बाळानंतर जी पडते ती वार. आपण तिला आईच्या पोटातली वस्तू समजतो, पण ती बाळाच्याच पेशींपासून बनते. म्हणजे तिची निम्मी जनुकं वडिलांची. पटत नसेल तर द्राक्षगर्भाकडे बघा. पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतं, नुसती वारेसारखी द्राक्षाच्या घडागत वाढ असते, आणि तिच्यातली सगळी गुणसूत्रं पित्याकडून आलेली असतात. तिथेही प्रीएक्लॅम्प्सिया होतो, तोही कधी कधी विसाव्या आठवड्याच्या आतच. घड काढला की तो ओसरतो. बाळ नाही, वारेत आईचं गुणसूत्र नाही, तरी आजार आहे.

मग वार करते काय? 2003 साली बॉस्टनमध्ये अनंत करुमंची या मूळच्या भारतीय मूत्रपिंडतज्ज्ञाच्या गटाने निरोगी आणि आजारी बाळंतिणींच्या वारांमध्ये कोणती जनुकं किती बोलतात याची तुलना मांडली. जनुक बोलतं म्हणजे त्याच्या आरएनए नकला निघतात; जितक्या नकला जास्त तितका आवाज मोठा. आजारी वारेत एक आवाज ठळक चढलेला होता: एसफ्लिट-1. मग त्यांनी हेच प्रथिन उंदरिणींच्या रक्तात वाढवून पाहिलं. बीपी चढलं, लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांचं अस्तर या आजारात सुजतं तसंच सुजलं. गरोदर नसलेल्या उंदरिणींतही हेच झालं. त्यांच्यापैकी एकीलाही ऑफिसची डेडलाइन नव्हती.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या गोष्टीचा सगळा रस एका पूर्णविरामात आहे.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सतत एक निरोप लागतो: "जिवंत राहा, सैल राहा." हा निरोप घेऊन फिरणाऱ्या प्रथिनांपैकी एक व्हीईजीएफ, दुसरं त्याचंच भावंड पीएलजीएफ. तेराव्या गुणसूत्रावरचं एफएलटी1 हे जनुक पेशीच्या भिंतीवर एक पोहरा बसवतं. पोहऱ्याचं तोंड बाहेर रक्तात, आणि दोर भिंतीतून आत गेलेला. निरोप पोहऱ्यात पडला की दोर ओढला जातो, आत खबर पोचते.

पण याच जनुकातून दोर नसलेला पोहराही निघतो. तोच एसफ्लिट-1. तोंड तितकंच मोठं, निरोपावरची पकड तितकीच घट्ट, फक्त दोर नाही. विहिरीत दोर तुटलेला पोहरा भरून बसावा आणि घरी थेंब येऊ नये, तसं. वार असे पोहरे आईच्या रक्तात सोडत राहते आणि निरोप वाटेतच गडप होतो.

एकाच जनुकातून दोन वस्तू कशा? जनुकाचा मजकूर सलग नसतो. एफएलटी1 मध्ये कामाचे तीस तुकडे आहेत, त्यांना एक्झॉन म्हणतात. दोन तुकड्यांमधलं भरताड म्हणजे इन्ट्रॉन. पेशी आधी सगळ्याची आरएनए नक्कल काढते, मग कात्री घेऊन भरताड छाटते आणि तुकडे जोडते. गंमत अशी की तेराव्या तुकड्यानंतरच्या भरताडात एक पूर्णविराम दडलेला आहे. कात्री वेळेवर चालली तर भरताडासकट तो कचऱ्यात जातो. कात्री रेंगाळली तर पूर्णविराम आधी वाचला जातो आणि वाक्य तिथेच संपतं. "मी उद्या येणार नाही" या वाक्यात एक शब्द आधी टिंब पडलं तर काय होईल? "मी उद्या येणार." अक्षर एकही चुकलं नाही, पण अर्थ उलटा. एफएलटी1 चं नेमकं हेच होतं. बाहेरचं तोंड पहिल्या तेरा तुकड्यांत आलेलं असतं. दोर पुढच्या तुकड्यांत असतो, आणि ते तुकडे येतच नाहीत.

कात्री का रेंगाळते? कात्रीच्या मदतनिसांपैकी एकाचं नाव यू2एएफ65, आणि त्याला हाताळणारं जेएमजेडी6 नावाचं विकर चालायला प्राणवायू लागतो. प्राणवायू घटला की विकर मंदावतं आणि पूर्णविरामाचं फावतं. रक्तवाहिन्यांच्या पेशींत हे दिसलेलं आहे. (इथपर्यंत आलात तर शाबास. सुटलं असेल तर पोहरा तेवढा लक्षात ठेवा.) आणि वारेत प्राणवायूचा ताण येतो तो फार आधी, आजार दिसण्यापूर्वी कितीतरी आठवडे. गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या वारेच्या पेशींनी आत शिरून रुंद करायच्या असतात. ते काम अर्धवट राहिलं तर रक्त संथ येण्याऐवजी धक्क्याधक्क्याने येतं.

माणसात आणखी एक भानगड आहे. आपल्या डीएनएत आलू नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा एक उचल्या तुकडा दहा लाखांवर जागी घुसून बसला आहे. त्यातला एक एफएलटी1 च्या चौदाव्या तुकड्यापुढच्या भरताडात पडला आणि त्याने तिथे वाक्याचा आणखी एक आखूड शेवट तयार केला. मानवी वारेत याच आवृत्तीचा भरणा मोठा. उंदरात ती नाही.

निरोप अडला की सगळ्यात आधी कोण कळवळतं? ज्या केशवाहिन्यांच्या अस्तराला जाळीसारखी छिद्रं असतात त्या, कारण ती छिद्रं टिकायलाच व्हीईजीएफ लागतं. अशा वाहिन्या मूत्रपिंडात, यकृतात, मेंदूच्या पोकळ्यांतल्या काही भागांत. आजाराच्या खुणा कुठे दिसतात ती यादी वर दिलेलीच आहे, ताडून पाहा. कर्करोगात व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब देतात, तेव्हाही काही रुग्णांचं बीपी चढतं आणि लघवीतून प्रथिन जातं. त्यात पुरुषही आले. आणि बाळात तेरावं गुणसूत्र एक जास्त असेल, म्हणजे एफएलटी1 च्या तीन प्रती असतील, तर अशा गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण वाढलेलं आढळतं.

एवढं सांगून हात आखडता घेते, कारण आजारी वारेत एंडोग्लिन, लेप्टिन, पॅपा2 अशी इतरही जनुकं चढलेली सापडतात, आणि अभ्यासाला वार मिळते ती बहुधा बाळंतपणानंतर. जळून गेलेल्या घरात शिरून ठिणगी शोधायची म्हणजे अवघडच. उशिरा, नवव्या महिन्यात येणाऱ्या प्रकारात तर पोहऱ्यांची चढण तितकी ठसठशीतही नसते. म्हणून "रक्ताच्या एका थेंबात भविष्य" छापाच्या बातम्या मी मीठ घालून वाचते. 2022 च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आईच्या रक्तातल्या आरएनएवरून आजार आधीच ओळखण्याचं काम आलं. काम उत्तम आहे. पण ज्या बायकांना "तुम्हाला होणार" असं ती चाचणी सांगते, त्यांच्यातल्या सुमारे तीनात एकीलाच तो होतो. बाकी दोघींनी काय करायचं, नखं कुरतडत बसायचं? एसफ्लिट-1 आणि पीएलजीएफ यांच्या गुणोत्तराची चाचणी जास्त कामाची, आणि तीही मुख्यतः "पुढच्या आठवड्यात काही होणार नाही, घरी जा" हे सांगायला. गुणोत्तर 38 किंवा खाली असेल तर हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. त्याआधी बीपीचा पट्टा आणि लघवीची पट्टी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

पूर्णविरामावर माझा इतका जीव असण्याचं आणखी एक कारण. लवकर संपलेल्या वाक्याच्या शेवटी भरताडाची जी शेपटी राहते, ती पूर्ण वाक्यात कधीच नसते. म्हणजे फक्त ती शेपटी ओळखून नक्कल फाडणारे छोटे आरएनए बनवता येतात. दोरवाले पोहरे शाबूत राहतात. 2018 मध्ये बबून माकडिणींवर हे करून पाहिलं, आणि एसफ्लिट-1 खाली आलं. माणसासाठी अजून औषधाच्या दुकानात काही नाही. धोका जास्त असलेल्यांना पहिल्या तीन-चार महिन्यांतच डॉक्टर रोज थोडी ॲस्पिरिन सुरू करतात, तिने लवकर येणारा प्रकार कमी होतो. एकदा आजार जडला की वार बाहेर काढणं हाच उपाय.

भाचीची काढली बत्तिसाव्या आठवड्यात. स्टीलच्या ट्रेमध्ये होती, हवी त्यापेक्षा लहान. मधेमधे रक्त न पोचलेले पिवळट, घट्ट चट्टे. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवले, मग ती पिवळ्या पिशवीत गेली. एसफ्लिट-1 दोन दिवसांत उतरतं, पण बीपी लगेच आपली सवय सोडत नाही, म्हणून पट्टा दंडाला आठवडाभर होताच. बाळ चौदाशे ग्रॅमचं, काचेत.

चौथ्या दिवशी आत्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी विहीर होती, त्यामुळे पोहरा त्यांना माझ्याआधी कळला. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे वार निम्मी जावईबापूंची?"

"निम्मी."

जावईबापू खिडकीशी कुणाशी तरी फोनवर हुज्जत घालत होते. आत्यांनी तिकडे पाहिलं आणि लाडवांचा डबा उघडला. "त्यालाही ऑफिसचं टेन्शन असतं हो," त्या म्हणाल्या.