लगूनचं पाणी कुठून येतं, कुठे जातं

लक्षद्वीप, मालदीव किंवा ताहितीच्या फोटोंमध्ये लगूनचं, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आड असलेल्या उथळ समुद्राचं, पाणी हिरवट निळं, तळ दाखवणारं आणि अगदी शांत दिसतं. इतकं शांत, की फारसं पोहता न येणाऱ्यालाही उतरावंसं वाटावं. जरूर उतरावं. मात्र हे पाणी साचलेलं नाही. त्याची आत येण्याची वाट वेगळी आणि बाहेर पडण्याची वेगळी. सहलीला निघण्याआधी एवढं नीट समजून घेतलं, तर बरीचशी खबरदारी आपोआप घेतली जाते.

लगूनला शांत ठेवते ती समुद्राकडची प्रवाळभिंत. २०१४ साली जगभरातल्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळभिंती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. ही भिंत जिवंत आहे. डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं, की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्याभोवतीची प्रवाळं मात्र उजेडाच्या ओढीने वर वाढत राहतात. शेवटी बेट बुडतं आणि उरतं ते प्रवाळांचं कडं आणि मधलं लगून. १९५२ मध्ये पॅसिफिकातल्या एनेवेटाक बेटावर खोल छिद्रं पाडली, तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त जाडीच्या प्रवाळी चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

भिंतीवर फुटलेल्या लाटांचं पाणी वरून आत सांडत राहतं. आत आलेलं पाणी पुन्हा भिंत चढून परत जात नाही. ते भिंतीतल्या मोजक्या खिंडींकडे धावतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रांगिरोआ या प्रवाळबेटाच्या अवाढव्य लगूनची तिपुता खिंड याचं ठळक उदाहरण आहे. तिथे ओहोटीचा प्रवाह समुद्राच्या लाटांना भिडला की पाणी अक्षरशः उभं राहतं. म्हणून पहिला सल्ला असा: खिंडीच्या आसपास स्वतःच्या हिमतीवर पोहू नका, ओहोटीत तर नाहीच. स्थानिक नावाड्याला एवढंच विचारा, ‘पाणी कधी वळतं?’ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापेक्षा त्याच्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवावा. कारण बाहेर मोठ्या लाटा असल्या, तर भिंतीवरून इतकं पाणी आत येतं की तक्त्यात भरती लिहिलेली असतानाही खिंडीतून प्रवाह बाहेरच वाहत असतो. त्यात सापडलात तर प्रवाहाच्या विरुद्ध हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा, आडवं पोहत कडेला सरका आणि हात वर करून बोटीला खूण करा.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक असतं. ताहितीत मात्र हा हिशेब चुकतो. तिथे चंद्रामुळे येणारी भरती जवळपास नाहीशी होते आणि सूर्यामुळे येणारी उरते, त्यामुळे रोजची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. ती असतेही जेमतेम फूटभर.

हंगामही आधी पाहून घ्यावा. लक्षद्वीपला नैऋत्य मोसमी पावसाचे महिने टाळावेत. दक्षिण पॅसिफिकात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो.

आता पाण्याचा रंग वाचायला शिका. पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, निळा शेवटी. त्यामुळे पांढऱ्या वाळूवरचं उथळ पाणी फिकट हिरवं दिसतं, खोली वाढेल तसं ते निळं होत जातं आणि तपकिरी डाग दिसला तर तिथे बहुधा प्रवाळ असतं. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असताना हे स्पष्ट दिसतं. समोरून तिरपं ऊन आलं की पाण्यावर नुसती चमक उरते. म्हणून जाणते नाविक लगून ओलांडायला दुपारची वेळ निवडतात. स्नॉर्केलिंगलाही उजेडातच जावं, फक्त पूर्ण बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून. अतिनील किरणं पाण्यात शिरतात आणि तरंगणाऱ्याची पाठ नकळत भाजून निघते.

पोशाखाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: सनस्क्रीन कमी लागतं. काही लगूनमध्ये पाणी बदलायला दिवस, आठवडे लागतात, त्यामुळे अंगावरून धुतलेलं रसायन तिथेच रेंगाळू शकतं. सनस्क्रीनमधले ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे घटक प्रवाळांच्या पिल्लांना अपायकारक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं. हवाईत या दोन्ही घटकांच्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद आहे, पॅसिफिकातल्या पलाऊ या देशाने तर २०२० पासूनच अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. निघण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा.

पायात जाड तळव्याचे बूट हवेतच, आणि वाळूतून पाय घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) निघून जातो. स्टोनफिश हा विषारी मासा मात्र दगडासारखा पडून राहतो, हलत नाही. त्याचा काटा लागला तर वेदना भयंकर असतात. त्याचं विष उष्णतेने निकामी होणाऱ्या प्रथिनांचं असतं, म्हणून पाय सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्याची ऊब आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख दिसला तर उचलू नका. कोन जातीच्या या गोगलगायी भाल्यासारखा दात मारतात आणि काहींच्या विषाने माणसं दगावली आहेत. (याच कुळातल्या एका गोगलगायीच्या विषावर आधारलेल्या वेदनाशामकाला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.)

जेवणात बॅराकुडा, मोरे ईल किंवा मोठा गोब्रा समोर आला तर नको म्हणा. मेलेल्या प्रवाळावरच्या शेवाळात गॅम्बिअरडिस्कस नावाचा सूक्ष्म जीव वाढतो. त्याचं विष छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, त्याला चव नाही आणि वासही नाही. उलट्या-जुलाबांनंतर गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागू लागली तर सिग्वाटेराची, म्हणजे याच विषबाधेची, शंका घ्यावी. कुठल्या भागातला मासा खायचा नाही, हे तिथल्या कोळ्यांना सहसा माहीत असतं.

प्रवाळी बेटावर नदी नसते. पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत असतं. छोट्या बेटांवर त्याची पातळी समुद्राच्या पातळीहून फुटा-दोन फुटांनीच वर असते, आणि उपसा वाढला की खालून खारं पाणी चढतं. विहीर खारावली तर तुम्ही विमानात बसून परत याल, बेटावरच्या माणसांना मात्र पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. शॉवर लवकर बंद करा.

परतीच्या विमानाची वेळ पाहूनच शेवटचा स्कूबा डाइव्ह ठरवा. एकच साधा डाइव्ह केला असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, अनेक केले असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन वरच्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आणि बॅगेत प्रवाळाचा तुकडा किंवा महाशिंपला ठेवू नका. खडकाळ प्रवाळं आणि महाशिंपले वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय ते सीमेपार नेणं गुन्हा ठरतो. भारतात प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही येतात, त्यामुळे लक्षद्वीपहून घरी येतानाही हाच नियम लागू होतो.