श्रमजन्य उष्माग्लानी व तीतून सावरणे

उष्ण व दमट हवेत धावणे, खेळणे, सायकल चालवणे, मिरवणुकीत तासन् तास नाचणे अशा श्रमांमुळे रक्ताभिसरणावर असह्य ताण पडून श्रम पुढे चालू ठेवणे अशक्य होते, त्या अवस्थेस श्रमजन्य उष्माग्लानी म्हणतात. भोवळ, मळमळ, डोकेदुखी, फिकट व घामेजलेली त्वचा, जलद पण दुबळी नाडी आणि पायांतले त्राण जाणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. शरीराच्या गाभ्याचे तापमान बहुधा ३८.५° ते ४०° से. यांच्या दरम्यान असते. भान मात्र शाबूत असते. व्यक्ती बरळू लागली, भांडखोर झाली, साध्या प्रश्नांची विसंगत उत्तरे देऊ लागली किंवा तिला झटके आले, तर तो उष्माघात समजून लगेच थंडावा द्यावा व रुग्णवाहिका बोलवावी. त्वचा कोरडी पडली म्हणजेच उष्माघात, ही समजूत अजूनही प्रचलित आहे. श्रमजन्य उष्माघातात अंग पुष्कळदा घामाने ओलेचिंब असते, त्यामुळे ही समजूत घातक ठरते.

गोव्यातील परिस्थिती : किनारपट्टीसाठी भारतीय हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष कमाल तापमान ३७° से. किंवा अधिक आणि सरासरीहून किमान ४.५° ने जास्त असा आहे. पणजीचे मे महिन्यातले कमाल तापमान साधारणतः ३३°–३४° से.च्या आसपास असल्याने ग्लानीचे बहुतेक प्रसंग या निकषाच्या कितीतरी खाली घडतात. कारण बाष्पदाबाच्या (हवेतल्या वाफेच्या दाबाच्या) हिशेबात सापडते. ३५° से. तापमानाच्या ओल्या त्वचेलगत बाष्पदाब सुमारे ४२ मिमी. (पारा) असतो. ३२° से. व ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा बाष्पदाब सुमारे २७ मिमी., तर ४२° से. व २० टक्के आर्द्रतेच्या, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळी हवेचा सुमारे १२ मिमी. घाम सुकण्यास कारणीभूत होणारा फरक विदर्भात ३० आणि गोव्यात १५, म्हणजे निम्मा. (त्वचेहून गरम हवा अंगाला वरून तापवते हा विदर्भातला तोटा वेगळा.) एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते, ठिबकून जमिनीवर पडलेला घाम पाणी व मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र अंगातच राहते.

७० किग्रॅ. वजनाचा माणूस ताशी १० किमी. वेगाने धावताना ताशी सुमारे २,३०० किलोज्यूल उष्णता निर्माण करतो. ती बाहेर पडलीच नाही, तर दर सहा मिनिटांना तापमान सुमारे एक अंशाने चढेल. प्रत्यक्षात काही उष्णता सतत निघून जात असल्याने चढ इतका वेगवान नसतो, परंतु दमट हवेत तासाभरातच का कोसळायला होते, ते यावरून समजते.

हवेतील उष्म्याचा ताण मोजण्यासाठी ओला फुगा (फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेला तापमापक), काळा गोळा (उन्हाची धग टिपणारा काळ्या गोळ्यातला तापमापक) व साधा तापमापक यांच्या नोंदींना अनुक्रमे ०.७, ०.२ व ०.१ असे महत्त्व देणारा निर्देशांक वापरतात. तो १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रांसाठी तयार झाला. याग्लू व मिनार्ड यांचा त्यावरील लेख १९५७ चा आहे. ओला फुगा २८°, काळा गोळा ४४° आणि हवा ३२° अशी उघड्यावरची स्थिती धरली, तर निर्देशांक ३१.६° येतो. या पातळीला उष्म्याचा सराव नसलेल्यांनी जोराचा व्यायाम करू नये, याविषयी क्रीडावैद्यकात फारसे दुमत नाही.

कापणी झालेल्या शेतांत संध्याकाळी रंगणारा फुटबॉल, शिगम्यातील रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत निघणाऱ्या मिरवणुका), पणजीतील मिरामारला २०१९ पासून होऊ लागलेली अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा (१.९ किमी. पोहणे, ९० किमी. सायकल, २१.१ किमी. धावणे) ही गोव्यातील जोखमीची ठळक निमित्ते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईपर्यंतचा काळ सर्वांत वाईट. ऑक्टोबरचा उष्मा मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही; तोही जोखमीचा, कारण पावसाळ्यात उष्म्याचा सराव मोडलेला असतो. समुद्रवारा सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत उशिरा व क्षीण होऊन पोचतो.

कारणमीमांसा : ग्लानीचे मूळ कशात, यावर शंभरेक वर्षे मतभेद आहेत. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०५ मध्ये, उष्ण हवेतील सहनशक्ती साध्या तापमापकापेक्षा ओल्या फुग्याच्या तापमानावर ठरते, असे दाखवून दिले. मॉस यांनी १९२३ मध्ये खाणकामगारांच्या पेटक्यांचा संबंध घामातून जाणारे मीठ व त्या जागी प्यालेले नुसते पाणी यांच्याशी जोडला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाळवंटी मोहिमांतील निरीक्षणांवरून ग्लानीचे ‘जलक्षयी’ आणि ‘लवणक्षयी’ असे दोन प्रकार पाडले गेले व पाठ्यपुस्तकांत ते स्थिरावले. पहिल्यात तहान तीव्र, दुसऱ्यात तहान बेताची पण पेटके व ओकारी जास्त, अशी वाटणी केली जाते. ती शिकवायला सोयीची असली, तरी मैदानावर कोसळलेल्या रुग्णात हे दोन प्रकार क्वचितच वेगळे काढता येतात.

१९८० च्या दशकापासून दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैज्ञानिक नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मुद्दा मांडला. लांब पल्ल्याच्या शर्यतींत कोसळणाऱ्यांपैकी बहुतेक जण अंतिम रेषा ओलांडल्यावर कोसळतात, धावताना नव्हे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलासरशी रक्त हृदयाकडे ढकलतात. थांबताच ते ढकलणे बंद पडते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या मात्र थंडाव्यासाठी विस्फारलेल्याच असतात. रक्त पायांत साचते, हृदय अपुरे भरते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. या मतानुसार पाणी कमी पडणे हे कोसळण्याचे मुख्य कारण नव्हे. तिसरा पक्ष मेंदूकडे बोट दाखवतो : गाभा तापला की मेंदू स्नायूंना दिली जाणारी चालना कमी करतो आणि थकवा हे एक प्रकारचे संरक्षण असते.

उपलब्ध पुराव्यांचा कल रक्ताभिसरणाच्या स्पष्टीकरणाकडे झुकतो. जलक्षय त्यात भर घालतो, कारण घामामुळे रक्तद्रव घटलेला असताना त्वचा व स्नायू दोघेही त्याच रक्तावर हक्क सांगतात. उपचाराचा क्रमही यावरूनच ठरतो : आधी आडवे करणे व थंडावा, मग द्रव.

पहिला अर्धा तास : चालता येत असेल तर एकदम थांबू न देता दोन-तीन मिनिटे सावकाश चालवावे; भोवळ असेल तर ताबडतोब सावलीत आडवे करून पाय १५ ते ३० सेंमी. उंच ठेवावेत. बूट, मोजे, हेल्मेट व घट्ट जर्सी काढावी. गोव्याच्या हवेत केवळ पंखा पुरत नाही. अंगावर पाणी ओतत राहून त्यावर वारा घालावा लागतो. विहिरीचे पाणी त्वचेहून बरेच थंड असते, तेव्हा कळशीने सतत ओतलेले तेही सौम्य ग्लानीत कामी येते. बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोके, मान, काखा व जांघा यांवर ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत, कारण अंगावर गरम झालेला टॉवेल उलट पांघरुणाचे काम करतो. मासळीच्या धंद्यामुळे किनाऱ्यालगत बर्फ मिळणे कठीण नाही; स्पर्धेच्या आयोजकांनी तो थर्माकोलच्या पेट्यांत आधीच भरून ठेवावा. वातानुकूलित खोली किंवा मोटार जवळ असल्यास तिचा मोठा उपयोग होतो, कारण तिथली हवा थंड तर असतेच, कोरडीही असते.

रुग्णाला समुद्रात नेऊ नये. मे महिन्यात तिथले पाणी कोमटच असते, आणि भोवळ आलेला माणूस कंबरभर पाण्यातही बुडू शकतो.

तापमान काखेत किंवा कपाळावर मोजून निश्चिंत होऊ नये. ओली, थंड केलेली त्वचा गाभ्याहून दोन-तीन अंश कमी दाखवू शकते. विश्वसनीय मोजणी गुदद्वारातूनच होते व ती प्रशिक्षित व्यक्तीने करावी. भान हरपले असल्यास मोजणीसाठी न थांबता बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवावे, डोके वर धरून ठेवावे. या पद्धतीने तापमान दर पाच मिनिटांना सुमारे एक अंशाने उतरते आणि ३८.६°–३८.९° से.ला थंडावा थांबवतात. ‘आधी थंडावा, मग वाहतूक’ हा येथे नियम आहे. १०८ क्रमांकाला कळवणे आणि थंड करणे एकाच वेळी सुरू व्हावे. पॅरासिटामॉल देऊ नये : तापात मेंदूतील तापनियामकाची पातळी वर सरकलेली असते, येथे ती सरकलेलीच नसते, त्यामुळे औषधाला काम उरत नाही. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके रक्तपुरवठा घटलेल्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

साधी ग्लानी २० ते ३० मिनिटांत स्पष्ट ओसरू लागते. तशी ती ओसरली नाही, ओकाऱ्या थांबल्या नाहीत किंवा उठून बसताच पुन्हा अंधारी आली, तर रुग्णालय गाठावे. थोडा वेळ शुद्धीत बोलून रुग्ण पुन्हा ढासळल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पहिले काही तास त्याला एकटे सोडू नये.

द्रव व मीठ : घामाच्या एका लिटरमागे साधारण सव्वा ते पावणेपाच ग्रॅम मीठ जाते, माणसामाणसांत फरक मोठा. टोपीवर व जर्सीवर पांढरे पट्टे उमटणाऱ्यांनी ते वरच्या टोकाकडचे समजावे. ओकारी नसल्यास दर १०–१५ मिनिटांना १०० ते २०० मिलि. एवढे घोट घोट द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुधारित सूत्रानुसार बनलेल्या ओआरएसच्या एका लिटरात मीठ २.६ ग्रॅ., ग्लुकोज १३.५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅ. असते. आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून येते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा, ५ मिलि.चा) हे प्रमाण काटेकोर पाळावे. मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळल्यास ओकारी वाढते.

शहाळ्याच्या पाण्यावर गोव्यात सर्वांचा भरवसा आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र घामातल्या तुटीच्या मानाने कमी. म्हणून शहाळ्यासोबत काहीतरी खारट हवे. कोकम सरबताचेही तसेच : त्यातले मीठ हाच उपयोगी भाग, आणि बाटलीतल्या पाकाचे सरबत फार गोड झाले तर पोटात रेंगाळून मळमळ वाढवते. उकड्या तांदळाची पेज या सर्वांत सरस ठरते. शेतात राबणारे गोंयकार सकाळी कामाच्या मध्येच ती घेत आले, त्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे : पिष्टाचे ग्लुकोज हळूहळू सुटते, वाडग्यामागे पाव चमचा मीठ सहज जाते आणि लोणच्याची फोड तोंडाला रुची आणते. काजूच्या हंगामातला हुर्राक, लिंबू-मीठ घालूनसुद्धा, किमान पहिल्या दिवशी टाळावा. मद्याने लघवी वाढते, त्वचेतल्या वाहिन्या विस्फारतात व झोप तुटते.

व्यायामापूर्वीचे व नंतरचे उघडे वजन माहीत असेल, तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर द्रव चार ते सहा तासांत घ्यावा; अर्धा लिटर वाढीव, कारण काही भाग लघवीतून जातो. याहून घाई धोकादायक आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले आणि शर्यतीत अति पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हे प्रमाण जास्त होते. अंगठी घट्ट होणे, पोट फुगणे, वाढती डोकेदुखी व गोंधळलेपण ही चिन्हे दिसली तर पाणी देणे थांबवून रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णाला ग्लानी समजून आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते.

पुढील दिवस : पहिल्या रात्री गार जागी झोप मिळणे महत्त्वाचे. मे महिन्यात पणजीतील रात्रीचे तापमान साधारणतः २६°–२७° से.च्या आसपासच राहते, त्यामुळे दिवसाचा ताण पुरता निघत नाही; सलग उकाड्याच्या दुसऱ्या दिवशी उष्णताविकार जास्त दिसतात. लघवी फिकट पिवळी होणे हे चांगले लक्षण. ती कोकाकोलासारखी काळपट आली व स्नायू ठणकत असतील, तर स्नायुपेशी फुटून त्यांतील रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रक्ततपासणी करावी.

त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. बरे वाटले तरी २४ ते ४८ तास जोराचे श्रम टाळावेत, मग पहाटे, नेहमीच्या निम्म्या वेळेने व बोलता येईल अशा गतीने सुरुवात करावी. उष्म्याचा सराव होण्यास ७ ते १४ दिवस लागतात : रक्तद्रव पहिल्या आठवड्यातच वाढतो, घाम लवकर सुटणे व त्यातील मीठ घटणे हे बदल नंतर येतात. दोन-तीन आठवडे खंड पडल्यास हा लाभ बराचसा ओसरतो. उष्माघात झालेल्याने किमान सात दिवस व्यायाम बंद ठेवून वैद्यकीय संमतीनेच परतावे. ग्लानी एकाच मोसमात पुन्हा आली, तर नुकताच येऊन गेलेला ताप किंवा जुलाब, झोपेची तूट, आणि रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या वा मानसिक आजाराच्या औषधांपैकी काही सुरू आहे का, हे डॉक्टरांनी तपासावे. औषधे आपल्या मनाने मात्र बंद करू नयेत.