धिरयो आणि बिबट्या: भांडण कोणतं, हल्ला कोणता

फोंड्याजवळच्या एका गावात मी कराटे शिकवते. मुलीचं नाव घालायला आलेले पालक म्हणतात, "तिला स्वतःचं रक्षण करता यायला हवं." मुलाचे म्हणतात, "कुणी अंगावर आलं तर मार खाऊन घरी येऊ नये." दोघांच्याही मागणीला आपण स्वसंरक्षण हेच नाव देतो. पण मुलीच्या आईच्या डोळ्यांसमोर हल्ला असतो आणि मुलाच्या बापाच्या डोळ्यांसमोर भांडण. हात दोन्हीकडे उठतो, म्हणून ही जोडी सारखी वाटते. मनाची तयारी मात्र दोन्हींसाठी इतकी वेगळी लागते की एकीचं औषध दुसरीला दिलं तर ते अंगावर उलटतं.

धिरयो म्हणजे काय ते गोव्यातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. दोन बैल शेतात समोरासमोर आणायचे, शिंगात शिंग अडकायचं, रेटारेटी व्हायची आणि एकाने पाठ फिरवून पळ काढला की निकाल लागायचा. 1996 मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. बैलांचे आणि माणसांचेही जे हाल व्हायचे ते पाहता ती योग्यच होती असं मी मानते. पण त्या झुंजीतली एक गोष्ट मी क्लासमध्ये नेहमी सांगते. पाठ फिरवणाऱ्याला पळायला वाट असते. जिंकणाऱ्या बैलाला समोरच्याला खायचं नसतं, फक्त हटवायचं असतं.

आता गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घराची ओसरी आठवा. बिबट्या रात्री येतो आणि कुत्रा उचलून नेतो. तो आधी फुरफुरत नाही, माती उकरत नाही, आपण किती मोठे ते दाखवत नाही. कुणी पाहणार नाही अशीच वेळ आणि सापडेल असंच जनावर तो निवडतो.

भांडण ही धिरयो आहे आणि हल्ला ही बिबट्याची शिकार.

नरकासुराच्या रात्रीचं, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचं भांडण पाहा. वाड्यावाड्यावर प्रतिमा उभ्या असतात, छातीत धडधड होईल असा आवाज लावलेला असतो, पोरांचे घोळके गाड्यांवरून या गावातून त्या गावात नरकासुर बघत फिरतात. कुठेतरी नजरेला नजर भिडते. "कितें पळयता रे?" (काय बघतोस रे?) समोरून तसंच उत्तर येतं. एकजण छाती काढून दोन पावलं पुढे येतो. "हांव कोण तें खबर आसा?" (मी कोण ते माहीत आहे?) मग छातीला बोट लागतं, मग धक्का, मग ठोसा. या पायऱ्या जवळपास ठरलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवरून खाली उतरता येतं. पोरं उतरत नाहीत, कारण मित्र बघत असतात. प्रेक्षक नसतील तर यातली निम्मी भांडणं "कितें पळयता" च्या पुढे जाणार नाहीत.

म्हणून भांडणासाठी मन तयार करायचं म्हणजे स्वतःच्या इभ्रतीशी आधीच बोलून ठेवायचं. हे मुलग्यांना फार जड जातं. त्यातही एका गोष्टीने ते फसतात: भांडणाच्या तोंडावर हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, आवाज चिरकतो. मुलगा मनात म्हणतो, मी घाबरलो. आणि घाबरलो नाही हे सिद्ध करायला पहिला ठोसा मारतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 मध्येच मांडलं होतं की धोक्याच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं आणि शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतं. ती थरथर म्हणजे इंजिन सुरू झाल्याची खूण. गाडी कुठे न्यायची ते अजून आपल्याच हातात असतं. एवढं एक वाक्य नीट पटलं की सोळा-सतरा वर्षांची मुलं बदललेली मी पाहिली आहेत.

भांडणातून उतरण्याची रीत साधी आहे. दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, एक पाय मागे. दिसायला हे नमतं घेणं असतं, पण हात आधीच चेहऱ्याजवळ असतात. "सॉरी पात्रांव, चुकलें" (पात्रांव म्हणजे मालक, साहेब) म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. समोरच्याला "शांत हो" कधी सांगू नये, त्याला तो हुकूम वाटतो. त्याच्या मित्रांदेखत त्याची अब्रू राहील असा शब्द द्यावा. माणूस ठोशाने सहसा मरत नाही, पण पडताना डोकं गटाराच्या कठड्यावर आपटलं तर मरू शकतो. ते डोकं कुणाचंही असेल, घर दोघांचं उद्ध्वस्त होतं.

हल्ल्यात यातलं काही उपयोगी पडत नाही.

हल्ला करणाऱ्याला प्रेक्षक नको असतात. तुमच्याशी त्याचा मानापमानाचा हिशेब नसतो. त्याला तुमची साखळी हवी असते, नाहीतर तुम्ही. तो आधी चाचपतो. दुपारी सामसूम रस्त्यावर दुचाकी थांबते आणि मागे बसलेला पत्ता विचारतो. तुम्ही लांबून सांगता, पण "ऐकू आलं नाही" म्हणत तो जवळ येतो. तुम्ही मागे सरलात की पुन्हा तेवढाच पुढे. तुम्ही "नको" म्हटल्यावर तो काय करतो, इकडे सगळं लक्ष हवं. साधा वाटसरू "नको" ऐकून थांबतो. चाचपणाऱ्याला "नको" म्हणजे अजून थोडं रेटून बघायची जागा वाटते.

इथे तुमचा शत्रू अहंकार नसतो. शत्रू असतो भिडस्तपणा आणि त्याच्या पाठोपाठ येणारं गोठणं. माझी एक ब्राऊन बेल्टची विद्यार्थिनी, स्पर्धांतून पदकं आणलेली, गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने पाठीमागून हात लावला तेव्हा पुतळ्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी येऊन रडली, "टीचर, मला काहीच आठवलं नाही." तिला मारता येत नव्हतं असं मुळीच नाही. हे आपल्या बाबतीत घडतं आहे यावरच तिच्या मनाचा विश्वास बसला नाही, आणि विश्वास बसेपर्यंत स्टॉप आला. अचानक धोक्यात शरीर गोठणं ही पळण्या-लढण्याइतकीच जुनी, नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. तिच्याबद्दल कुणाही मुलीला दोष देऊ नका, आणि "तू ओरडली का नाहीस" हा प्रश्न तर विचारूच नका.

मग क्लासमध्ये आम्ही नेमकं काय शिकवत होतो? हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत राहिला. कुमिते, म्हणजे कराटेतली दोघांची लढत, ही नियमांत बसवलेली धिरयो आहे. रेषेवर उभे राहा, नमस्कार करा, पंच हात खाली आणेल तेव्हा सुरू करा, गुण मिळाला की थांबा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटात अंतिम फेरीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी 4-1 ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला इतकी जोरात लागली की तो बेशुद्ध पडला, आणि सुवर्णपदक त्या बेशुद्ध पडलेल्याला मिळालं. हामेदी प्रमाणाबाहेर जोर लावल्यामुळे बाद झाला होता. खेळ म्हणून तो निर्णय बरोबरच. कातडीपाशी हात थांबवणं हीच तिथली विद्या आहे. पण वर्षानुवर्षं तीच घोटलेल्या मनाला पंच नसलेल्या जागी कुणाच्या तरी खुणेची वाट बघायची सवय लागते, हेही तितकंच खरं.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचं प्रसिद्ध सूत्र आहे की कराटेत पहिला वार नसतो. भांडणासाठी ते सोन्यासारखं आहे आणि मी ते मुलग्यांकडून पाठ करून घेते. मुलींना मात्र त्याच्या पुढे जाऊन समजावते: पहिला वार म्हणजे फक्त ठोसा नव्हे. मनगट धरून गाडीकडे ओढणं हा पहिला वार झालेला असतो. कायदाही हेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 40 नुसार धोक्याची वाजवी धास्ती निर्माण झाली की तिथूनच शरीररक्षणाचा हक्क सुरू होतो. आधी मार खावा लागत नाही. कलम 37 त्याला लगाम घालतं: संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. दोघांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवली तर कलम 194 लागतं, आणि ते दोघांनाही. नरकासुराच्या रात्री "तोच आधी अंगावर आला" असं दोन्ही बाजूंचे पोरगे सांगतात. ठाण्यावर त्याचं फारसं काही होत नाही.

गल्लत दोन्ही दिशांनी होते. भांडणाला हल्ला समजणारा मुलगा दारूड्या शेजाऱ्याचं नाक फोडून येतो. हल्ल्याला भांडण समजणारी मुलगी हसून, माफी मागून, समजावून सुटू पाहते आणि बिबट्याला आणखी दोन पावलं जवळ येऊ देते. साखळी मागणाऱ्याला साखळी द्यावी. सोनं पुन्हा करता येतं. पण "चल, गाडीत बस" म्हणणाऱ्याबरोबर एक पाऊलही जाऊ नये. तो नेणार ती जागा इथल्यापेक्षा त्याच्याच सोयीची असणार. जे करायचं ते इथेच, लोक ऐकू शकतात तिथे, आणि सुटलात की 112.

सगळ्यात अवघड जागा या दोन्हींच्या मधली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे बिबट्या चहा प्यायला आलेला असतो. तो काका असतो, भावाचा मित्र असतो, घरी सोडतो म्हणणारा शेजारी असतो. तिथे मन म्हणतं, उगाच गैरसमज नको, काय म्हणतील. ही भीड नेमकी धिरयोतली भीड आहे, चारचौघांत अब्रू सांभाळायची. शिकार करणारा तिच्याच आडून येतो.

म्हणून गेली काही वर्षं आठवड्यातला एक दिवस आम्ही लाथा-ठोशांना सुट्टी देतो. मुलगे वर्तुळ करतात, मधल्याला चिडवतात, अगदी आईवरूनसुद्धा, आणि त्याने तळवे उघडे ठेवून वर्तुळातून चालत बाहेर पडायचं असतं. बरेच जण तिसऱ्या वाक्याला वळतात. मग पुन्हा पहिल्यापासून.

मुलींचं वेगळं. किआय, म्हणजे वार करताना द्यायची आरोळी, म्हणून त्या सभामंडप दणाणून सोडतात, पण "काका, हात काढा" हे तीन शब्द बोलायला सांगितले की आवाज घशात अडकतो. तेव्हा आम्ही त्याच तीन शब्दांचा किआय करतो. पोटातून, डोळ्यांत बघून, शेवटी हसायचं नाही. हसू आलं की पुन्हा. बसमधली ती विद्यार्थिनी आता हा भाग घेते. धाकट्या मुलींसमोर ती स्वतः काका होऊन उभी राहते, खांद्यावर हात ठेवते, आणि समोरचीचा आवाज पोटातून येईपर्यंत हात काढत नाही.