७.६२ मिमी स्वयंचलित रायफल : मारा आणि प्रतिक्षेप

गोळी पुढे सुटताना रायफल मागे येते. हा धक्का म्हणजे प्रतिक्षेप. ७.६२ × ५१ मिमी काडतूस वापरणाऱ्या फॅल, एम१४, जी३ या रायफलींत तो इतका जोरदार असतो की उभ्याने केलेल्या स्वयंचलित माऱ्यात सहसा पहिली गोळीच नेमावर लागते.

सुमारे ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने निघते, तिच्यामागोमाग जळलेल्या दारूचा वायू. त्यातून साडेचार किलोच्या रायफलीला सुमारे १५ ज्यूल ऊर्जा मिळते, ५.५६ मिमीच्या हलक्या काडतुसात ती साधारण तिसरा हिस्सा असते. एम१४ मिनिटाला ७०० ते ७५० गोळ्या या गतीने चालते. दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम बारावा भाग जातो आणि माणूस तेवढ्यात सावरूच शकत नाही. उचललेली नळी मनगटाच्या जोरावर खाली दाबू पाहणे म्हणूनच फुकट. जे साधायचे ते चाप ओढण्याआधीच्या पवित्र्यात.

बटाचा, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागाचा, टेकू नळीच्या रेषेच्या खाली असल्याने धक्क्यासरशी नळीचे तोंड वर उठते. उजवा खांदाही मागे वळतो, म्हणून गोळ्या वर आणि उजवीकडे चढत जातात. यासाठी बट गळ्याच्या हाडावर किंवा दंडावर न ठेवता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवतात. फट राहिली तर रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. खांदा काळानिळा होतो तो त्यामुळे. उभ्याने मारताना डावा पाय पुढे, भार त्याच्यावर, कंबरेतून पुढे झुकलेले अंग. पडून मारताना शरीर रायफलीच्या थेट मागे हवे. तिरके पडल्यास ती बाजूला सरकते. नेम लक्ष्याच्या खालच्या भागावर धरून दोन-तीन गोळ्यांतच चाप सोडतात. चाप दाबूनच ठेवला तर २० गोळ्यांचे मॅगझिन दोन सेकंदांच्या आत रिकामे होते, बहुतेक आभाळात.

धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटून रायफल आधीच खाली दाबणे ही नवशिक्यांची खोड. मॅगझिनमध्ये अधूनमधून खोटे काडतूस घातले की ती लगेच उघडी पडते: गोळी सुटत नाही, तरी नळी हलते.

फॅलचा गॅस रेग्युलेटर, म्हणजे यंत्रणा चालवणारा वायू कमी-जास्त करणारी कळ, हीही पाहावी. पिस्टनवर गरजेपेक्षा जास्त वायू गेला तर बोल्ट (काडतूस नळीत बंद करणारा सरकता भाग) मागे जोरात आपटतो आणि धक्का वाढतो. कमी गेला तर काडतुसाचे रिकामे कवच बाहेर न पडता अडकते. म्हणून रेग्युलेटर मोकळा ठेवून, म्हणजे जास्तीत जास्त वायू बाहेर सोडून, सुरुवात करतात, रायफल नीट चालू लागेपर्यंत आवळतात आणि वर दोन खाचा जास्त देतात.

रचनेतूनही उपाय झाले. एम१४ए१ला सरळ बट, पुढची मूठ, दुपायी आणि तोंडाशी नळी वर उठू न देणारा कॉम्पेन्सेटर दिला गेला. साध्या एम१४ मात्र बहुतेक सिलेक्टर (एकेक गोळी की स्वयंचलित मारा हे ठरवणारी कळ) बंद करूनच जवानांच्या हाती गेल्या. फॅलवरून घडलेल्या ब्रिटिश एल१ए१ आणि ईशापूरच्या १ए१ या रायफलींत, म्हणजे आपल्याकडच्या ‘एसएलआर’मध्ये (सेल्फ-लोडिंग रायफल), एका चापाला एकच गोळी सुटते.