पक्षाघातानंतर हालचालींचे पुनर्वसन

मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने लुळ्या पडलेल्या हातापायांत पुन्हा हालचाल यावी म्हणून करायचा सराव आणि उपचार. मेलेला मेंदूचा भाग परत येत नाही. हालचाल परतते ती वाचलेले भाग तिचे काम नव्याने शिकतात म्हणून. १९९६ मध्ये अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रँडॉल्फ नुडो यांच्या गटाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसले. ज्यांचा सराव घेतला नाही, त्यांच्या मेंदूत जखमेशेजारचा हाताचा भागही आकसला. ज्यांच्याकडून हाताचे काम करून घेतले, त्यांच्यात तो टिकला. गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात घरी आणलेल्या रुग्णाला आधी तेलाची मालिश सुरू होते. तिने त्याला बरे वाटते, पण दुसऱ्याने चोळलेल्या हाताला शिकायला काही मिळत नाही. मालिशीमागे सराव राहून जातो, आणि खरे नुकसान तिथेच होते.

वेळेचे गणित सरळ नाही. पहिल्या २४ तासांत रुग्णाला जास्तीत जास्त वेळ उठवून चालवणे फायद्याचे ठरेल, अशी अपेक्षा होती. २१०४ रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ चाचणीत (२०१५) उलटेच आढळले: तीन महिन्यांनी स्वावलंबी झालेले रुग्ण असे जास्त वेळ उठवलेल्या गटात ४६ टक्के, तर नेहमीच्या काळजीत ५० टक्के होते. थोडा थोडा वेळ, पण अनेकदा उठवणे अधिक चांगले ठरले. अमेरिकेतील २०२१ च्या एका छोट्या चाचणीत हाताच्या २० तासांच्या जादा सरावाचा सर्वाधिक लाभ पक्षाघातानंतर दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास दिसला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून घरी सोडलेल्या रुग्णाचे नेमके हेच महिने हातचे जातात. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळी साठेक किलोमीटर. आठवड्यातून तीनदा बसच्या उंच पायऱ्या चढणे अर्ध्या अंगाने लुळ्या माणसाला झेपत नाही. त्यामुळे सराव घरीच बसवावा लागतो. सहा महिन्यांनंतर काहीच सुधारत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. लंडनमध्ये तीन आठवड्यांत ९० तास सराव घेतलेल्या जुन्या रुग्णांचे हातही सुधारले.

हाताचा अंदाज खाटेशेजारी घेता येतो. पहिल्या तीन दिवसांत बोटे थोडी उघडत असतील आणि दंड अंगापासून बाजूला उचलत असेल, तर सहा महिन्यांनी काहीतरी पकडता येण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के असते. दोन्ही जमत नसेल तर ती २५ टक्क्यांवर येते. कुटुंबाला हे आधीच सांगितलेले बरे.

सरावाच्या मात्रेत सगळीकडेच कमतरता आहे. २००९ च्या एका निरीक्षणात, ज्या सत्रांत हाताचे कामाचे सराव झाले, त्यांत सरासरी जेमतेम ३२ आवर्तने भरली. प्राण्यांच्या प्रयोगांत रोज काही शे होत. घरी संख्या वाढवायला महाग साधन लागत नाही. टेबलावर वाटीभर चिंचोके ठेवावेत, वाटी हाताच्या बाजूला पण आवाक्यात. रुग्णाने पाठ खुर्चीला टेकवून एकेक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकावा. पाठ सुटून धड पुढे झुकले, तर काम होते पण कोपर शिकत नाही. अशा वेळी वाटी जवळ घ्यावी. दहापैकी आठ नीट जमू लागले की वाटी चार बोटे लांब सरकवावी, नंतर चिंचोक्यांऐवजी काळे मिरे घ्यावेत. पाच मिनिटांत किती टाकले, ते आठवड्यातून एकदा वहीत लिहावे.

मनगट आणि बोटे निदान १० अंश वर उचलता येत असतील, तर चांगल्या हातात जाड मोजा घालून लुळ्याच हाताला राबवण्याची पद्धत लागू पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून ती आली. २२२ रुग्णांच्या ‘एक्साइट’ चाचणीत (२००६) दोन आठवडे जागेपणीचा सुमारे ९० टक्के वेळ मोजा ठेवला होता. अजिबात न हलणाऱ्या हातावर ती लादू नये. स्पंजचा चेंडू दाबत बसणेही टाळावे: बोटे मिटण्याकडे आधीच ओढ असते, उणीव असते ती उघडण्याची.

खांद्याची हानी बहुधा माणसेच करतात. उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढले की सैल सांधा खोबणीतून उतरतो आणि पुढे महिनोन् महिने दुखतो. उठवणाऱ्याने कमरेचा पट्टा धरावा. बसताना हात उशीवर ठेवावा, लोंबू देऊ नये. भिंतीवरच्या कप्पीने हात डोक्यावर ओढायचा व्यायामही याच कारणाने टाळतात.

पायासाठी सर्वांत उपयोगी व्यायाम बसून उठण्याचा. बाल्कांवातील (गोव्यातील घराच्या दारापुढच्या ओसरीतील) दगडी सोपो, म्हणजे बांधीव बाक, घसरत नाही, म्हणून तो यासाठी उत्तम. लुळे पाऊल किंचित मागे ओढून घ्यावे, म्हणजे वजन त्यावर पडते. नाक पायाच्या बोटांपुढे येईपर्यंत झुकावे, मगच उठावे. पाऊल घासत असेल तर घोट्याला प्लास्टिकचा आधार लागतो, आणि तो पायमोज्यावर, बुटात घालायचा असतो. अनवाणी घातला तर गुळगुळीत लाल फरशीवर पाय सटकतो. जूनपासून बाहेर शेवाळलेल्या चिऱ्यांवर चालणे बंद ठेवून वसरीत फेऱ्या घ्याव्यात. काठीचे झिजलेले रबर पावसाआधी बदलावे.

गाजलेल्या काही उपायांनी निराशा केली. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधामुळे हालचाल सुधारेल, अशी आशा एका छोट्या चाचणीने २०११ मध्ये लावली. ३१२७ रुग्णांच्या ‘फोकस’ चाचणीत (२०१८) फायदा दिसला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. हाताला धरून सराव करवणाऱ्या यंत्रमानवानेही ७७० जणांच्या ब्रिटिश चाचणीत (२०१९) नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात सरस फळ दिले नाही. मानेतील व्हेगस मज्जातंतूला सरावाच्या क्षणी उत्तेजन देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण ते शस्त्रक्रियेने बसवावे लागते आणि सराव त्यालाही टळत नाही.

भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) एका गटाच्या नातेवाइकांना घरच्या सरावाचे शिक्षण दिले गेले, दुसऱ्याला नेहमीचीच काळजी मिळाली. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्केच होते. यावरून घरचा सराव व्यर्थ ठरत नाही. मात्र नातेवाइकांना शिकवून फिजिओथेरपिस्टने हात झटकावेत, हे चालणार नाही: चूक धड झुकण्यात आहे की खांद्यात, हे पाहून सराव बदलायला जाणता डोळा दर दोन-तीन आठवड्यांनी तरी लागतो.