विंडो समोर दिसते म्हणजे कीबोर्ड तिच्याकडे आहे असं नाही

आमच्या सेतू केंद्रावर दर काही दिवसांनी कोणीतरी कीबोर्ड काखेत मारून येतं. "भाऊ, मेला वाटते हा." मी जोडून पाहतो, तर टकाटक चालतो. कीबोर्डला काही झालेलं नसतं, अक्षरं भलत्याच विंडोत जात असतात.

विंडो म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घोळ एकाच ठिकाणी होतो. विंडो समोर असणं वेगळं आणि कीबोर्डचा ताबा, म्हणजे फोकस, तिच्याकडे असणं वेगळं. समोर असणं म्हणजे कोणी कोणाला झाकलंय एवढंच. ताबा म्हणजे बोटाखालचं अक्षर कुठं उमटणार ते. बहुतेक वेळा दोन्ही एकाच विंडोकडे असतात, म्हणूनच माणूस फसतो.

व्हिडिओ कॉलची छोटी चौकट सगळ्यांच्या वर बसलेली असते, तरी तुमचं टायपिंग खालच्या अर्जातच जातं. पॉवरटॉईज हे मायक्रोसॉफ्टचं जोडसॉफ्टवेअर टाकलं असेल तर विंडोज, कंट्रोल आणि टी एकत्र दाबून कोणतीही विंडो अशी कायम वर ठेवता येते. ती फक्त आडवी येते. बाजूला सरकवा, काम संपलं.

माउसच्या चाकानं तर आणखी गोंधळ घातलाय. विंडोज 10 पासून बाण ज्या विंडोवर असेल ती सरकते, ताबा दुसरीकडे असला तरी. मग लोक म्हणतात, "सरकून तं राह्यलं, मंग टाइप काऊन नाही होत?" चाकाचं सोडा, लुकलुकणारी उभी रेघ कुठं आहे ते बघा.

खरी चोरी ताब्याची. पीक विम्याची गर्दी होती. एक काका आधार नंबर सांगत होते, माझी नजर त्यांच्या कार्डावर. आठ आकडे झाले आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं मध्येच डोकं वर काढलं : नवी आवृत्ती बसवू का? 'हो' आधीच निवडलेलं. उरलेले चार आकडे हवेत गेले आणि माझ्या एंटरनं 'हो' दाबलं. स्कॅनर बंद, रांग दारापर्यंत. असा प्रश्न विचारताना 'हो' आधीच निवडून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवाल्यांना एक दिवस आमच्या खुर्चीवर बसवायला पाहिजे.

विंडोज 98 आणि 2000 पासून याला आडकाठी आहे. मागच्या प्रोग्रॅमला ताबा हिसकू द्यायचा नाही, खालच्या पट्टीतलं त्याचं बटण नुसतं चमकवायचं. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातल्या, फोरग्राउंडलॉकटाइमआउट या नोंदीत आडकाठीची मुदत असते; सहसा 200000 मिलिसेकंद, म्हणजे 3 मिनिटं 20 सेकंद. तिथं शून्य दिसलं तर आडकाठी उठलेली समजा. पण तुम्हीच नुकत्याच उघडलेल्या प्रोग्रॅमला बरेचदा मोकळीक मिळते, म्हणून हळू उघडणारं काही सुरू करून लगेच दुसरीकडे टाइप करू नये. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये तर ही चोरी किती रोखायची याच्या पायऱ्याच सेटिंगमध्ये दिल्यात. मला ती पद्धत जास्त पटते.

रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा मी चोरच हाकलतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो आणि स्टार्टअपमधून, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून, त्याचं नाव बंद करतो. स्कॅनरचं ते सॉफ्टवेअर तसंच बंद केलं. स्कॅन अजूनही होतं.