डायमंड टी आणि ड्रॅगन वॅगन: रणगाड्याचा भार नक्की कुणावर?

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी ट्रक आणि त्याच्या मागे लादलेला रणगाडा, असा फोटो दिसला की खाली 'ड्रॅगन वॅगन' लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आता सोडायला हवी. त्यातल्या कितीतरी फोटोंत असतो तो डायमंड टी, रणगाडे ओढणारा दुसराच ट्रक. लांब बॉनेट, छोटी केबिन, मागे चौकोनी पोलादी पेटी. त्याचा ड्रॅगन वॅगनशी काही संबंध नाही.

ड्रॅगन वॅगन बहुतेकांना ठाऊक आहे. तामिया या जपानी कंपनीचं 1/35 मापाचं प्लास्टिक मॉडेल जोडलेल्यांना तर त्याचा नट-बोल्टही पाठ असतो. त्यामुळे थोडक्यात सांगतो: हाही रणगाडे वाहणारा ट्रक आणि ट्रेलर. ट्रकचा आराखडा सॅन फ्रान्सिस्कोच्या नकी ट्रक कंपनीचा, बांधणी पॅसिफिक कार अँड फाउंड्रीची. हॉल-स्कॉटचं 240 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, सहाही चाकांना ताकद, मागच्या चाकांना ती साखळीने पोचवलेली, आणि चिलखती केबिन. ट्रकचं लष्करी नाव एम26.

डायमंड टी त्याच्या आधीचा. 1940 साली ब्रिटिशांचं खरेदी पथक अमेरिकेत रणगाडे वाहून नेणारं वाहन शोधत होतं. रणगाडा लांबच्या मजलेला स्वतःच्या पट्ट्यांवर चालवला, तर लढाईच्या जागी पोचेपर्यंतच पट्टे आणि इंजिन झिजून जातात. ही गरज भागवली शिकागोच्या डायमंड टी कंपनीने. हर्क्युलिसचं 14.7 लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. डिझेल हा ब्रिटिशांचा आग्रह होता. 1941 ते 1945 या काळात असे सहा हजारांच्या जवळपास ट्रक तयार झाले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याचे रणगाडे त्यांनी ओढले. माझ्या मते दोघांत जास्त मोलाचं काम याचंच. कौतुक मात्र चिलखती केबिनवाल्याच्या वाट्याला आलं.

आता खरा फरक. तो इंजिनात नाही, चिलखतात नाही. तो मागच्या जोडणीत आहे.

बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीला चाकं दोनच. भरलेल्या मालाचा बराचसा भार चाकांवर, पण थोडा जुवावरून बैलांच्या मानेवर येतोच. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. ड्रॅगन वॅगनची रचना अशीच आहे. तिच्या एम15 ट्रेलरला चाकं फक्त मागे, पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर टेकलेलं. न्हावाशेव्याच्या रस्त्यावर कंटेनर नेणारा 'घोडा' पाहिला असेल, त्याच्या पाठीवर जी फिफ्थ व्हीलची तबकडी असते तीच ही जोडणी. रणगाड्याच्या वजनाचा मोठा हिस्सा ट्रकच्या मागच्या चाकांवर येतो, ती चाकं जमिनीवर घट्ट दाबली जातात आणि ओढायला पकड मिळते. म्हणजे ज्याला न्यायचं, त्याचंच वजन ओढायच्या कामी येतं.

डायमंड टीच्या मागचा एम9 ट्रेलर वेगळा. त्याला पुढेही चाकं, मागेही चाकं, एकूण 24 टायर. तो स्वतःच्या पायांवर उभा असतो. ट्रकशी नातं एका दांड्याचं आणि पिनेचं. शर्मन रणगाडा 30 टनांचा, पण त्यातलं काहीच डायमंड टीच्या चाकांवर येत नाही. आणि रिकामा डायमंड टी असतो जेमतेम 12 टनांचा. एवढं धूड ओढताना त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागतील. म्हणून केबिनमागे ती पोलादी पेटी: तिच्यात वजन भरायचं, आठेक टनांपर्यंत, थेट मागच्या चाकांच्या डोक्यावर. आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते याच कारणासाठी. त्या पेटीला 'सामान ठेवायची जागा' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती पेटी काढली तर तो ट्रक ओढणार कसा?

याच जोडणीमुळे रिव्हर्सचं गणितही बदलतं. ड्रॅगन वॅगनमध्ये सांधा एकच, सरावाने मागे घेता येते. डायमंड टीमध्ये पिनेजवळ एक सांधा आणि ट्रेलरच्या पुढच्या वळणाऱ्या चाकांजवळ दुसरा. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात मागे घेताना ड्रायव्हरचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. डायमंड टीच्या पुढच्या चाकांना ताकद नाही, म्हणून तो रस्त्याचा गडी. एम26 आघाडीवर जाऊन गोळीबारात अडकलेला रणगाडा ओढून आणण्यासाठी.

आकड्यांचा घोळ मात्र एकदाच निस्तरू. डायमंड टीचा ट्रक एम20 आणि ट्रेलर एम9, दोन्ही मिळून एम19. ड्रॅगन वॅगनचा ट्रक एम26 आणि ट्रेलर एम15, दोन्ही मिळून एम25. नुसता ट्रक दाखवून त्याला एम25 म्हणू नका. शिवाय एम26 नावाचा पर्शिंग रणगाडाही होता. त्यामुळे 'एम26 वर लादलेला एम26' असं वाक्य वाचलं तर ती छापण्याची चूक समजू नका.

अशा ओढणाऱ्या ट्रकांना 'ट्रॅक्टर ट्रक' म्हणतात; त्यातला ट्रॅक्टर शेतीचा नव्हे, हेही सांगावं लागतं. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा, एवढाच अर्थ.

युद्धानंतर वेल्समधल्या न्यूपोर्टच्या रॉबर्ट विन अँड सन्स या अवजड वाहतुकीच्या कंपनीने युद्धातले जुने पॅसिफिक एम26 घेतले. चिलखत उतरवलं, कमिन्सचं डिझेल इंजिन घातलं आणि मागे वजनाची पेटी बसवली. त्यानंतर ते ट्रक मोठमोठी यंत्रं दांड्याने ओढू लागले, अगदी डायमंड टीसारखे. अंगकाठी ड्रॅगन वॅगनची, काम डायमंड टीचं. असा फोटो समोर आला तर आधी केबिन पाहू नका, मागे वाकून जोडणी पाहा.